आधी छाती, मग खांदे

"अहो... कोणी आहे का?"

आवाज इतका दबका होता की मैनाला वाटलं, बाहेर रस्त्यावरून आला. माळनाक्याजवळच्या निलेशच्या जिममध्ये दुपारी सहसा कोणी नसायचं. सकाळी बायकांच्या बॅचला शिकवून झालं की ती स्वतःचा व्यायाम दुपारीच उरकायची. तिने वळून पाहिलं— बेंचवर एक उंच तरुण आडवा झाला होता. वजनाचा बार छातीवर टेकलेला, चेहरा लालबुंद, आणि तरीही ओठांवर ओशाळं हसू.

ती धावत गेली, दोन्ही हातांनी बार धरला. "माझ्याबरोबर ढकला... हां!" बार अलगद रॅकवर बसला.

तो उठून बसला आणि तिच्याकडे बघतच राहिला. जेमतेम त्याच्या खांद्याला लागेल एवढी मुलगी. घट्ट वेणी, तळहातांवर पकडीसाठी लावलेली खडूची पांढरी पूड.

"तुम्ही एकटीने उचललात?"

"अर्धा तुम्ही उचललात. पण नुसत्या खांद्यांनी. छाती तुमची झोपलीच होती." मैना हसू दाबत म्हणाली, "बेंच मारताना छातीत काही जाणवतं का?"

"आतापर्यंत तरी नव्हतं जाणवत..."

मैनाने भुवई उंचावली. त्याचे कान लाल झाले. "म्हणजे— खांदाच दुखतो. उजवा. शिकवाल का मला?"

हर्षद शिवलकर त्याचं नाव. घर मांडवीला. मशिनचं काम करतो, सध्या सुट्टीवर आहे, एवढंच त्याने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मैनाने त्याच्या बारच्या सगळ्या प्लेट काढायला लावल्या. त्या दिवशी जिममध्ये आलेली दोन-चार पोरं एकमेकांना कोपरं मारू लागली. तिने बेंच प्रेसच्या राज्य स्पर्धेत पदक मिळवलं होतं, तरी एखाद्या पुरुषाला काही सांगायला गेलं की तो ऐकल्यासारखं करून वजन वाढवायचा, हे तिला पाठ होतं. हर्षदने मात्र रिकामा बार धरला आणि शांतपणे विचारलं, "आता?"

त्या एका शब्दावर मैनाला तो फार आवडला. अर्थात, चेहऱ्यावर तिने काही दिसू दिलं नाही.

"खांद्यामागची पाती एकमेकांना चिकटवा. आता खाली ओढा, कमरेकडे. पाठ बेंचमध्ये रोवा. छाती वर— अजून वर. पाय जमिनीत घट्ट. कोपरं अशी पंखासारखी फाकवू नका, थोडी अंगाजवळ. बार सावकाश खाली आणा, छातीला टेकू दे... आणि वर नेताना दंड एकमेकांकडे ओढतोय असं समजा."

"काहीच नाही जाणवत."

तिने बोट पुढे केलं... आणि मध्येच थांबवलं. दोघांनाही ते थांबणं कळलं.

"तुमचाच हात ठेवा तिथे," ती घाईने म्हणाली. बार बाजूला ठेवून तिने त्याला एक हलका डंबेल दिला. एका हाताने तो ढकलायचा, दुसरा तळहात छातीवर. तो डोळे मिटून करत राहिला, सावकाश, पुन्हा पुन्हा. अचानक त्याने डोळे उघडले.

"अगं, हलली! म्हणजे... अहो, हलली!"

मैना इतकी हसली की निलेश काउंटरवरून बघायला आला.

मग रोजच असं होऊ लागलं. हर्षद चुकायचा, पुन्हा करायचा, कधी चिडायचा नाही. खांद्याचं दुखणं कमी झालं, एकेक प्लेट परत चढली. मैना जिल्हा स्पर्धेची तयारी करत होती. ती बेंचवर आडवी झाली की तो बोलणं थांबवून बाजूला उभा राहायचा. तिच्या बारखाली त्याचे हात कायम तयार, पण तिला गरज पडेपर्यंत बारला कधीच न लागणारे. तिच्या ताकदीवर एवढा विश्वास कोणी दाखवला नव्हता.

गणपती होऊन गेले होते. पाऊस आता मनाला येईल तेव्हा येत होता. भाट्याच्या किनाऱ्यावर दोघं शहाळं प्यायला गेले, तेव्हा सर आली. शहाळेवाल्याच्या ताडपत्रीखाली दोघं दाटीवाटीने उभे राहिले. तिच्या वेणीचं पाणी त्याच्या हातावर ठिबकत होतं. तो हात बाजूला घेत नव्हता.

"मैना, एक सांगायचंय. मी बोटीवर असतो. इंजिन रूमला. रविवारी संध्याकाळच्या गाडीने निघायचंय."

तिच्या हातातलं शहाळं तसंच राहिलं.

"आधी का नाही सांगितलंत?"

"निलेश म्हणाला, बोटीवरच्या माणसाचं नावही तुम्हाला नको असतं. वाटलं, आधी ओळख तर होऊ दे... चुकलंच माझं. पण निघताना खोटं बोलून नाही जायचं मला."

मैनाचे वडील बोटीवर होते. तिच्या प्रत्येक वाढदिवसाला त्यांचा फोन यायचा, ते नसायचे. दारात उभ्या असलेल्या आईला बघतच ती मोठी झाली होती. ती शहाळं तिथेच ठेवून पावसातच निघाली.

घरी सावित्रीने मुलीचा चेहरा एकदाच पाहिला. "काय गो, कोण आहे तो?"

मैनाने सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, "आई, आयुष्यभर वाट बघायचा कंटाळा नाही आला तुला?"

"आला की! रडले, भांडले, बोटीला शिव्या घातल्या." सावित्रीने चुलीवरची कढी खाली उतरवली. "पण माणूस वाट बघण्यासारखा होता गो. तसा नसता तर शेजारच्या आळीतून येणाऱ्याचीही बघितली नसती. तुझा तो कसा आहे, ते तू ठरव."

रविवारी स्पर्धेच्या हॉलमध्ये मैना शेवटच्या प्रयत्नाला बेंचवर आडवी झाली. आजवर न पेललेलं वजन होतं ते. तिने पाती रोवली, छाती उचलली. बार खाली आला, टेकला, थांबला. पंचांचा "प्रेस!" हा हुकूम ऐकू येईपर्यंत छातीवर सगळा भार तोलून ती निश्चल होती. मग तिने ढकललं. बार मध्यावर अडला, थरथरला... आणि वर गेला.

तिन्ही पंचांचे दिवे पांढरे— वजन मान्य!

टाळ्यांच्या गलक्यात तिने दाराकडे पाहिलं. पाठीला सॅक लावून हर्षद उभा होता. बाहेर रिक्षा थांबवलेली. तो ओठ घट्ट मिटून हसत होता, डोळे मात्र भरलेले. तो हात हलवून वळला.

"थांब!"

पहिल्यांदाच तिने त्याला अरे-तुरे केलं. सगळा हॉल ओलांडून ती धापा टाकत त्याच्यापुढे आली.

"मी रडेन," ती म्हणाली. "भांडेन. फोन नाही आला तर बोटीला शिव्या घालेन. चालेल?"

"आणि...?" त्याने विचारलं.

"आणि वाट बघेन. तुझी."

तिने खडूने माखलेला तळहात त्याच्या छातीवर टेकवला. या वेळी तिचा हात मध्येच थांबला नाही. हर्षदने त्यावर आपला हात ठेवला. रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न दिला, तेव्हा कुठे दोघं बाजूला झाले.

रिक्षा वळेपर्यंत तो बाहेर डोकावून बघत होता. निळ्या शर्टावर तिच्या पाच बोटांचा पांढरा ठसा उठला होता, आणि तो पुसला जाऊ नये म्हणून त्याने सॅकचे पट्टे खांद्यांवरून उतरवून ती मांडीवर घेतली होती.