दहापैकी तीन

मेकॅनिक पहिल्यांदा आला तेव्हा अंदाजवालीने त्याच्या हातात बादली दिली.

त्यात तिची फारशी चूक नव्हती. पूर-अंदाज कार्यालयाच्या छतातून टाकीचं पाणी गळत होतं, ते बघायला प्लंबर यायचा होता, आणि दारात विस्कटलेल्या केसांचा एक उंच माणूस हत्यारांची पिशवी घेऊन उभा होता. “इथे धरा, सरळ मशीनवर पडतंय,” असं म्हणून ती फोनकडे वळली. त्यानेही निमूटपणे धरली. पाच मिनिटं… दहा मिनिटं… बादली अर्धी झाली.

“बाई,” शेवटी तो म्हणाला, “बादली धरायला माझी हरकत नाही. पण मी प्रोसेसर बदलायला आलोय.”

तिने फोन खाली ठेवला. “मग आधी बोलला का नाहीत?”

“तुम्ही इतक्या हक्काने दिलीत… नाही म्हणवेना.”

एरवी तिला हसू आलं असतं. अकरा महिन्यांपूर्वीपर्यंत ती फार हसरी होती, नदी किती चढणार ते सांगायची म्हणून सगळं गाव तिला लाडाने अंदाजवाली म्हणायचं. गाव अजूनही तेच म्हणतं, पण आता तोंड दुसरीकडे करून. तिने बादली त्याच्या हातातून काढून घेतली आणि कोपऱ्यातल्या सर्व्हरकडे बोट दाखवलं.

त्या सर्व्हरला ऑफिसात सगळे आजोबा म्हणायचे. वय झालेलं, घरघर लागलेली, आणि कुठलंही काम सांगा, आपल्याच चालीने करणार. वरच्या ठाण्यांवरून पावसाचे आणि नदीच्या पातळीचे आकडे आले की खालच्या पुलापाशी पाणी किती चढेल हे गणित सोडवायला आजोबांना पाच तास लागत. पाणी स्वतः चार तासांत पोचायचं. म्हणजे वरातीमागून घोडं. नव्या मशीनची फाईल वर गेली होती ती वरच राहिली. शेवटी साहेबांनी कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसच्या भंगारातून त्यातल्या त्यात जलद असा एक प्रोसेसर मिळवला, आणि तो बसवायला या मेकॅनिकला बोलावलं.

“बसेल?” तिने विचारलं.

“बसेल, पण आधी ओळख करून द्यावी लागते. बोर्डातला जुना प्रोग्रॅम बदलायचा, त्याला सांगायचं की बाबा रे, असा असा पाहुणा येतोय. थेट नेऊन बसवला तर मशीन तोंड फिरवतं, सुरूच होत नाही.”

“फारच मानी आहे.”

“जुनी माणसं,” तो म्हणाला. “आणि काही तरुणसुद्धा.”

हे शेवटचं तो तिच्याकडे न बघता म्हणाला. तिने न ऐकल्यासारखं केलं, पण कान तापले.

छत दुरुस्त झालं आणि दोन दिवसांनी तो काम करायला आला. मशीन बंद करण्याआधी आत काय काय चालू आहे ते बघायची त्याची सवय होती. यादी वरून खाली वाचता वाचता तो थांबला.

“हे काय? अकरा महिन्यांपासून एक गणित मध्येच थांबवून ठेवलंय. चौऱ्याऐंशी टक्क्यांवर. अर्धी मेमरी हे एकटंच अडवून बसलंय! काढून टाकतो.”

“हात लावू नका.”

तो वळला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“मशीन बंद केलं की तसंही ते पुसलं जाणारच,” तो हळूच म्हणाला.

“माहीत आहे. म्हणूनच एकदाही बंद केलेलं नाही.”

मग तिने सांगितलं. तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, साहेबांनाही नाही. तिचा दादा खालच्या पुलावर फाटक सांभाळायचा. पाणी वाढलं की फाटक पाडायचं, रहदारी अडवायची आणि वर निघून यायचं, एवढंच काम. त्या दिवशी त्याने फोन केला. “चिंगे, काय म्हणतंय तुझं मशीन? थांबू की निघू?” अलीकडच्या काठावर माणसं अडकली होती, त्यांना पलीकडे जाऊ द्यावं असं त्याच्या मनात होतं. ती म्हणाली, “थांब दादा, होतच आलंय. पाऊण तासात सांगते.” त्यानंतर दादाचा फोन लागला नाही. गणित चौऱ्याऐंशीवर होतं. तिने ते तिथेच थांबवलं. पुरं होऊ दिलं नाही, पुसूही दिलं नाही.

“उत्तर काय आलं असतं ते बघायची हिंमत नाही,” ती म्हणाली. “पाऊण तास आधी आलं असतं तर तो वाचला असता. एवढंच मला माहीत आहे. म्हणून प्रोसेसर हवाय.”

मेकॅनिकने पिशवी बंद केली. उगाच काही बोलला नाही. तिला ते बरं वाटलं. अकरा महिने लोक बोलतच होते.

“आज ते पुरं करायचं?” त्याने विचारलं. “मी बसतो. नको असेल तर जातो आणि उद्या येतो. पण तुम्हाला न विचारता ते पुसणार नाही.”

ती खुर्ची ओढून मशीनसमोर बसली आणि ते गणित तिने पुढे चालू केलं.

पाऊण तास. बाहेर ऊन होतं, खिडकीत कबुतरं कडाक्याचं भांडत होती. पंचाऐंशी… सत्त्याऐंशी… त्याने दोन कप चहा आणला, तिचा तसाच गार झाला. तो आपल्याबद्दल सांगत राहिला. खालच्या गल्लीत दुकान, दुकानामागे घर, घरात अंथरुणाला खिळलेले बाबा. गेल्या पुरात गल्लीतली सात माणसं गेली, बाबांना त्याने माळ्यावर चढवलं म्हणून ते राहिले.

“खालच्या गल्लीत?” ती म्हणाली. “म्हणजे तुम्हीही… आणि तरी इथे आलात?”

“म्हणूनच आलो. अंदाजवाली दिसते कशी ते बघायचं होतं. भांडायचं ठरवून आलो होतो, खरं सांगायचं तर. तुम्ही बादली दिलीत, ते राहूनच गेलं.”

शंभर झाले. पडद्यावर एक ओळ आली. खालचा पूल: पाणी धोक्याच्या खुणेखाली दोन फूट. धोका नाही.

तिने ती ओळ तीनदा वाचली.

“धोका नाही,” ती म्हणाली. “म्हणजे वेळेत आलं असतं तरी… मी त्याला फोन करून सांगितलं असतं, दादा, आरामात थांब.”

आकडे चुकीचे होते. वरच्या ठाण्याच्या मोजपट्टीला त्या दिवशी ओंडका अडकून ती पाणी कमी दाखवत होती, हे चौकशीत केव्हाच निघालं होतं, पण त्याचा अर्थ तिच्या डोक्यात आत्ता उतरला. अकरा महिने ती आजोबांच्या वेगाला शिव्या देत होती. जलद मशीनने हेच खोटं उत्तर जलद दिलं असतं. तिला रडू आलं नाही. तिने टेबलाची कड घट्ट धरली, आणि मेकॅनिकने तिच्या हाताशेजारी आपला हात ठेवला. हातावर नाही, शेजारी.

“मग हा प्रोसेसर घालू की नको?” बऱ्याच वेळाने त्याने विचारलं.

“किती हात आहेत त्याला?”

“हात?”

“आजोबा एका हाताने एक गणित करतात. याला?”

“बारा. एका वेळी बारा कामं.”

“मग घाला,” ती म्हणाली. “एकच उत्तर मागायची माझी चूक होती.”

मशीन गरम होतं तेच बरं झालं. प्रोसेसर आणि त्यावरच्या पंख्याच्या पत्र्यामधलं मलम वर्षानुवर्षांनी सिमेंट होतं, थंड असताना ओढलं तर पत्र्याबरोबर प्रोसेसरही उपटून येतो. बोर्डाला आधी नव्या पाहुण्याची ओळख करून दिली, मग लगेच त्याने पत्रा हलकेच डावीकडे, उजवीकडे फिरवला. ती टॉर्च धरून वाकली होती. तिच्या केसांची बट त्याच्या मनगटाला लागली आणि त्याचा हात थांबला.

“टॉर्च हलतोय,” तो म्हणाला.

“टॉर्च नाही हलत. तुम्ही हलताय.”

“असेल…”

जुना सुटला, नवा बसला. आजोबा तिसऱ्या खेपेला सुरू झाले.

पुढचे वीस दिवस त्या मशीनला इतक्या बारीकसारीक दुरुस्त्या निघाल्या की साहेबांनाही संशय आला. कधी पंखा वाजतोय, कधी वायर सैल आहे. मेकॅनिक यायचा, पंख्याकडे एक नजर टाकायचा आणि तासभर बसायचा. ती त्याला सांगायची: आता एक गणित अडीच तासांत होतं, आणि दहा गणितं एकदम चालतात. दर गणितात आकडे जरा बदलायचे. या ठाण्याची मोजपट्टी अडकली असं धरा, तिकडचा पाऊस दीडपट धरा.

“म्हणजे दहा जणांना विचारायचं,” तो म्हणायचा.

“हो.”

“आणि दहा जणांचं पटलं नाही तर?”

यावर ती उगाच सैल वायर शोधायला लागली. त्याने विषय बदलला, तिच्या नव्या चपलांवरून चिडवलं, आणि ती चक्क हसली. हसल्यावर लगेच तिला दादाची आठवण झाली. हल्ली असंच व्हायचं, एकामागोमाग एक.

मग तो दिवस आला. वरच्या डोंगरात सकाळपासून कोसळत होतं. तिने दहा गणितं लावली, आणि दुपारी अडीचला उत्तरं आली. सात म्हणाली, धोका नाही. तीन म्हणाली, पूल पाण्याखाली, खालची गल्ली छातीपर्यंत.

“सात विरुद्ध तीन,” साहेब म्हणाले. “सरळ आहे.”

“सरळ नाही साहेब.”

“गल्ली रिकामी केली आणि पाणी आलं नाही तर लोक आपल्याला सोडायचे नाहीत. इशाऱ्याचा भोंगा वाजवायचा तर सही तुझी. मी या भानगडीत नाही.”

तिने सही केली. भोंगा वाजवला. मग मेकॅनिकला फोन लावला.

“किती?” त्याने पहिलं तेच विचारलं.

“तीन.”

“म्हणजे सात…”

“सात गेले खड्ड्यात. तू निघ. आत्ताच्या आत्ता निघ!”

“बाबांना उचलतो.” आणि फोन बंद.

पाणी चढलं, पुलाच्या खुणेला टेकलं, आणि गल्लीच्या पहिल्या पायरीखाली वीतभर येऊन थांबलं. संध्याकाळी उतरायलाही लागलं. टेकडीवर पावसात भिजत बसलेली माणसं आपापल्या घरी परतली तेव्हा कळलं, की भोंग्याचा फायदा चोरांना मात्र झाला होता. रिकाम्या गल्लीत त्यांनी सावकाश हात धुऊन घेतले होते. लोक ऑफिसखाली जमले. “भाऊ गेला तेव्हा झोपली होती, आता गाव हलवते!” कुणीतरी ओरडलं. एक काच फुटली.

नव्या मशीनची फाईल वर्षभर हलली नव्हती. तिच्या नावाची मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच खाली आली. दहापैकी सात गणितं नाही म्हणत असताना आपण इशारा का दिलात, याचा लेखी खुलासा करावा. तोवर भोंग्याला हात लावू नये.

ती कोरा कागद पुढ्यात घेऊन बसली होती तेव्हा मेकॅनिक आला. हात मोकळे.

“पिशवी?” तिने विचारलं.

“गेली. कुलूप लावायला थांबलो नाही. बाबांना पाठीवर घेतलं आणि चढ चढलो. परत येऊन बघतो तर दुकानात भिंतीचे खिळे तेवढे ठेवलेत.”

“माझ्यामुळे.”

“हो,” तो म्हणाला. “तुझ्यामुळे.”

तो समजूत काढायला आला नव्हता, हे तिला कळलं. तो तिच्यासमोर बसला. डोळे लाल होते, कपडे कालचेच.

“बाबांना ताप भरलाय,” तो म्हणाला. “आणि पडल्या पडल्या मला शिव्या देतायत. म्हणे, ती निघ म्हणाली की तू निघतोस, उद्या नदीत उडी मार म्हणाली तर?”

“मग तू काय म्हणालास?”

“म्हटलं, ती म्हणणार नाही. ती फार भित्री आहे.”

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच, हुंदके देऊन. त्याने तिला रडू दिलं.

“परत तीन आले तर मी परत सांगणार,” ती नाक पुसत म्हणाली. “भोंग्याला हात लावू देत नाहीत तर दारोदार जाऊन सांगेन.”

“मी परत निघेन.”

“दोन आले तर?”

“निघेन.”

“एकच आला तर?”

या वेळी त्याने वेळ घेतला. बाबांचं वजन, तो चढ, रिकामं दुकान, सगळं त्याच्या चेहऱ्यावरून गेलं. “कुरकुर करेन,” तो म्हणाला. “पण निघेन. मला तू आवडतेस म्हणून नव्हे. आवडतेस, ते वेगळं. त्या पाऊण तासात तू पडदा बंद केला नाहीस, शेवटपर्यंत बघितलंस, म्हणून तुझा शब्द मी ऐकतो.”

तिने कोऱ्या कागदाकडे बघितलं. “यात काय लिहू?”

“खरं ते लिही.”

“खरं?” ती म्हणाली. “तीन गणितं होय म्हणत होती आणि तिथे माणसं राहतात, हे लिहिते. पण सगळं खरं ते नाही. सही करताना माझ्या डोळ्यांपुढे गल्ली नव्हती रे. तू होतास.”

बाहेर कुणीतरी काचा गोळा करत होतं.

“मी तिथे राहत नसतो तर वाजवला असतास भोंगा?” त्याने विचारलं.

हाच प्रश्न तिने स्वतःला रात्रभर विचारला होता. त्याच्याशी खोटं बोलणं तिला जमणार नव्हतं.

“वाजवला असता,” ती म्हणाली. “पण हात एवढा कापला नसता.”

त्याने टेबलावरून तिचा हात ओढून घेतला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला.