आंधळ्या काशीचं घर

डाव्या तळहातावर पूजेचं इष्टलिंग होतं, ओठ मिटलेले होते, आणि नेमकं त्याच क्षणी अंगणातून काशीचं काळीज चिरणारं केकाटणं इरम्माच्या कानांवर आलं...! थोरल्या भावाचा, शिवप्पाअण्णांचा आवाज आला, "घाला पोत्यात त्या कुत्रीला, हाका गाडी!" चाकं करकरली आणि गाडी वेशीकडे निघून गेली. पूजा पुरी होईपर्यंत उठायचं नाही, बोलायचं नाही, हे इरम्माचं व्रत. अकरा वर्षांपूर्वी विधवा होऊन भावाच्या घरी आली, तेव्हापासून ते एक दिवसही मोडलं नव्हतं. अण्णांना हे ठाऊक होतं... ठाऊक होतं म्हणूनच त्यांनी ही वेळ साधली होती! ओठांत शिवनाम आणि उरात नुसता अंगार!

पूजा आटोपताच ती चुलीपाशी आली.

"अण्णा, काशी कुठंय?"

"गुरुसिद्धप्पाच्या मळ्यावर धाडली, राखणीला. आज भूमहून साहेब येणार जेवायला. ती आंधळी ताटात तोंड घालायची!"

"आंधळी राखण करंल?"

"भुंकायला डोळं कशाला लागत्यात?"

पोळी लाटता लाटता सिद्धम्मावहिनी हसली. "एवढी माया नवऱ्यावर केली असतीस, तर ऱ्हायला असता गं!"

इरम्माच्या कानशिलांत आग उसळली. देवळाच्या सफेदीसाठी भिजवलेल्या चुन्याच्या खड्ड्यातून ते पिल्लू तिनंच ओढून काढलं होतं. डोळे गेले, जीव तेवढा वाचला... भिंतींना धडकत, उंबऱ्याला ठेचकाळत ते तिच्या पावलांच्या आवाजामागे वाढलं होतं. पाण्याचा घोटही न घेता इरम्मा ईट गावच्या वेशीबाहेर पडली.

मळ्यात मोटेच्या विहिरीशेजारी काशी खुंट्याला बांधलेली होती. गोल फिरून फिरून दोरी गळ्याला आवळलेली, जीभ बाहेर आलेली!

"सोडली तर हिरीत पडंल, बाई," गुरुसिद्धप्पा ओशाळून म्हणाला.

इरम्मानं दोरी सोडवली, काशीला उराशी धरलं... पण न्यायची कुठं? घरी? उद्या ती पूजेला बसली की पुन्हा पोतं!

पलीकडच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. धनगरीण नागूबाईनं काशीच्या मिटल्या डोळ्यांवरून हात फिरवला. "हिला भिताडं नगंत, बाई. कळपात सोडून बघा."

काशी थरथरत उभी राहिली. गळ्यांतली घुंगरं वाजली, दोन्ही अंगांनी लोकरीची ऊब लागली, आणि दर चार पावलांवर धडकणारी काशी मेंढरांच्या मधोमध सरळ चालू लागली... शेपूट हलवत! मायेपोटी आपणच हिला भिंतींत ठेवलं होतं का...?

तेवढ्यात अण्णांची गाडी बांधाला लागली.

"इरम्मा, सकाळधरनं पानीबी घेतलं न्हाईस. चल. घे ती कुत्री, ठिवू घरात."

"ती काय पोतं हाय व्हय, अण्णा? हितनं उचलली, तिथं टाकली! आन् म्या? ढोकीच्या महारुद्रांचं पाटाचं मागणं आलं, तवाबी म्या पूजेतच हुते. माझं दुसरं लगीन, आन् तुमी दारातनंच त्यांना न्हाई म्हणून वाटं लावलंत! पूजा हुईस्तवर थांबला असता, तर काय बिघडलं असतं?"

शिवप्पाअण्णा चाकाला धरून खाली उतरले.

"खोटं कशाला बोलू... तू गेलीस तर घर कोण बघंल, ह्येच आलं माझ्या मनात. तू कधी बोललीच न्हाईस गं..."

"तुमी इचारलंत कधी?"

अण्णांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. इरम्मालाही रडू फुटलं, पण राग विझला नाही.

"काशी हितंच ऱ्हाईल," ती म्हणाली. एक हाक मारली असती, तर काशी धावत आली असती. इरम्मानं हाक मारली नाही.

इरम्मा गाडीत चढली. वेस दिसू लागली तसे अण्णा चाचरत म्हणाले, "साहेब आलं असत्याल. तू वाढशील का ताटं?"

"न्हाई," इरम्मा म्हणाली.

अण्णांनी उपरण्यानं डोळे पुसले. "बरं... म्या वाढतो."