एक फिकटसा नर

धडक झाली ती दारातच. तिच्या हातातली काचेची नळी निसटली, कापसाचा बोळा उडाला आणि पन्नासेक फळमाश्या थेट त्याच्या केसांत जाऊन बसल्या.

"हलू नका," ती दमलेल्या आवाजात म्हणाली, "त्या माझ्या आहेत."

"डोकं माझं आहे," तो म्हणाला... पण हलला मात्र नाही.

तो शेजारच्या प्रयोगशाळेतला. उंचीमुळे सगळे त्याला शिडी म्हणत. आणि ती? तीन वर्षं एकाच प्रश्नामागे धावून पार थकलेली. जिवंत माशीच्या मेंदूत दोन प्रथिनं एकमेकांना भेटतात का, एवढंच तिला बघायचं होतं. म्हणून चमकणाऱ्या एका प्रथिनाचे तिने दोन अर्धे केले, एक अर्धा एका वाणाच्या नरांत घातला, दुसरा दुसऱ्या वाणाच्या माद्यांत. त्यांच्या पिल्लांत ते अर्धे जवळ आले, तरच हिरवा उजेड! पण मादी आधी कुठल्याच नराला भेटलेली चालत नाही. म्हणून रोज सकाळी सहाला नुकत्याच जन्मलेल्या माद्या वेगळ्या करायच्या. घरी मावशी म्हणायची, माश्यांची लग्नं जुळवून झाली की स्वतःचंही बघ बाई. महिनाअखेरीपर्यंत निकाल नाही आला तर विषय दुसऱ्याला देईन, असं तिच्या मार्गदर्शक मॅडमनी बजावलं होतं.

त्या धडकेनंतर शिडी रोज सकाळी टपकायला लागला. कधी म्हणे कापूस संपलाय, कधी म्हणे चहा जास्त झालाय. मग ब्रशने माश्या निवडायलाही शिकला. कोपराला कोपर लागायचं, 'तुम्ही'चं कधी 'तू' झालं कळलंच नाही, आणि तिचा थकवा... जरासा उतरायचा, खरंच! एकदा तर ती टेबलावर डोकं ठेवून झोपलीच. उठली तेव्हा सगळ्या माद्या निवडून झाल्या होत्या आणि तिच्या खांद्यांवर त्याचा पांढरा कोट होता.

दुसऱ्या दिवशी जोड्या लावायच्या होत्या. तो आला तोच पडलेल्या चेहऱ्याने.

"माझ्याकडून एक नर राहिला," तो म्हणाला. "काल फिकट होता, मला मादीच वाटली. आज मागून काळा झालाय."

नुकत्याच जन्मलेल्या माश्या सगळ्याच फिकट, नराचा काळा रंग नंतर चढतो, नवखा हमखास फसतो. पण त्या नराच्या संगतीत नळीतल्या सगळ्या माद्या वाया गेल्या होत्या. नव्या जमवायच्या म्हणजे आणखी चार दिवस, आणि पिल्लांना लागणारे दिवस धरले तर तेवढे महिन्यात उरलेच नव्हते.

तिला रागवायचं होतं. पण रागवायलाही ताकद लागते ना... तिने नळी बाजूला ठेवली. मग उठून मॅडमकडे गेली, चूक स्वतःच्या अंगावर घेतली आणि जास्तीचे चार दिवस मागितले. मॅडमनी चष्म्यावरून बघत दिले. पाचवा मागू नकोस, म्हणाल्या.

परत आली, तर तो तिथेच उभा.

"गुपचूप काढून टाकला असतास, तर मला कळलंही नसतं," ती म्हणाली.

"हो, पण मग रोज तुझ्या शेजारी खोटा होऊन बसलो असतो," तो अडखळला. "आणि मला तिथे... खूप दिवस बसायचंय."

तिने पायानेच स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"बस मग. चार दिवसांचं काम आहे."

"आणि नंतर?"

"नंतरचे दिवस—" ती ब्रश उचलत म्हणाली, "ते मी मॅडमकडे नाही, तुझ्याकडे मागणार आहे."