नवरीच्या डावीकडची जागा

"बाकी काही नको, लोकांची डोकी तेवढी कापू नकोस," गाडीतून उतरता उतरता नवरा तिला म्हणाला. मागच्या सीटवर बसलेल्या जाऊबाई खुदकन हसल्या. ठमी, म्हणजे तिची तीन वर्षांची लेक, काही न कळताच त्या हसण्यात सामील झाली.

नणंदेच्या लग्नाचे फोटो तिनं काढायचे, हे परवा ठरलं. ठरवलेल्या फोटोग्राफरनं ऐन वेळी अंग काढून घेतलं. जाऊबाईंच्या लग्नाचे आणि तिच्या लग्नाचे फोटो त्यानंच काढले होते. या वेळी मात्र तो फोनसुद्धा उचलेना. "कॉलेजात कॅमेऱ्याचं शिकलीस ना?" सासूबाई म्हणाल्या होत्या. "मग होऊ दे की कशाचा तरी उपयोग." फुलं, मांजरं आणि ठमी सोडून तिनं आजवर कशाचाच फोटो धड काढला नव्हता. पण नाही म्हणायची सोय नव्हती. या घरात येऊन इतकी वर्षं झाली, तिच्या हातचं एकही काम कुणाच्या पसंतीला उतरलं नव्हतं.

हॉलमध्ये शिरताच तिनं सवयीप्रमाणे आधी दारं बघितली. एक रस्त्याकडे उघडणारं, एक जिन्याकडे. जिन्याकडच्या दाराला तिनं कडी लावून टाकली. टेबलांचे कोपरे टोकदार होते. स्टेजमागे छतापासून जमिनीपर्यंत करडे पडदे सोडलेले, खुर्च्यांना ताज्या पॉलिशचा वास. ठमीला तिनं पहिल्या रांगेत, नजरेच्या टप्प्यात बसवलं आणि हातात खडूंची पेटी दिली.

"पळवून नाही नेत कुणी तुझी लेक," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही काय खातो की काय तिला?"

सुरुवात बरी झाली. बटण अर्धं दाबलं की कॅमेरा चेहरा ओळखायचा आणि त्याभोवती पिवळा चौकोन उमटायचा. नवशिकीला तेवढाच आधार. आधी नणंद एकटी, मग तिचा होणारा नवरा, मग दोघं सह्या करताना.

सह्यांच्या वेळी मात्र चौकोन तीन उमटले. दोन दोघांच्या चेहऱ्यांवर आणि तिसरा नणंदेच्या डावीकडे, पडद्यावर. पडद्याच्या चुणीला कॅमेरा फसला असणार. तिनं जागा बदलली. चौकोनही तिच्याबरोबर सरकला आणि पुन्हा नणंदेच्या डावीकडेच येऊन थांबला, नणंदेच्या खांद्याच्या थोडा वर.

"काय गं?" नणंदेनं विचारलं. तिचे ओठ कोरडे पडले होते. सकाळपासून तिनं एकदाही डावीकडे मान वळवली नव्हती.

"काही नाही. हसा जरा, वन्सं."

नणंद हसली नाही.

मग सगळ्या घराचा फोटो. दीर, जाऊबाई, सासूबाई, नवरा, आत्तेसासूबाई, सगळे भराभर आपापल्या जागी उभे राहिले. जणू तालीमच केली होती. फक्त नणंदेच्या डावीकडे एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी होती.

"जवळ या की थोडं. मध्ये भोक दिसतंय."

कुणीही पाय हलवला नाही.

"ती जागा असू दे," आत्तेसासूबाई म्हणाल्या.

"कुणी यायचंय का अजून?"

"असू दे म्हटलं ना."

तिला एकदम घरातला स्वतःच्या लग्नाचा फोटो आठवला. त्यातही तिच्या डावीकडे अशीच मोकळी भिंत होती. इतकी वर्षं ती त्या फोटोग्राफरला नावं ठेवत आली होती.

तिनं एक फोटो काढला. दीर पुढे येऊन स्क्रीनमध्ये डोकावले. "वा! अर्धा फोटो पडद्याचाच! लग्न तुझ्या नणंदेचं की पडद्याचं?" सगळ्यांत मोठ्यानं जाऊबाई हसल्या. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. उद्या हाच फोटो दाखवून वर्षभर टोमणे मारतील. स्वतः सरकायचे नाहीत आणि नावं मात्र तिला ठेवणार.

"ठमे," ती म्हणाली, "जा बघू, आत्याच्या शेजारी उभी राहा. तिकडे. त्या जागेत."

ठमी खडू टाकून पळत सुटली.

हसणं जागच्या जागी थांबलं. नवरा पुढे झेपावला, पण सासूबाईंनी त्याचा दंड धरला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तिनं तिच्या हातानं केलंय."

ठमी त्या जागेत जाऊन उभी राहिली. वर बघितलं. मग रस्ता ओलांडताना आईचं बोट धरायला करायची तसा हात वर केला आणि मूठ मिटली.

बटणावर तिचं बोट होतंच. फ्लॅश पडला.

नणंदेनं मोठा श्वास सोडला. सकाळपासून पहिल्यांदाच तिचे खांदे खाली आले. तिनं डावीकडे मान वळवली, बघितलं, आणि रडायलाच लागली. आत्तेसासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत पुटपुटल्या, "सुटलीस बाई. आता तुझा हात नाही धरणार."

कॅमेरा सावरत ती स्टेजवर धावली आणि तिनं ठमीला उचलून घेतलं. मूठ उघडली तर तळवा बर्फासारखा गार.

"काय आहे तिथं? कोण आहे?" तिनं नवऱ्याला विचारलं. "मला का नाही सांगितलं?"

तो बुटांकडे बघत राहिला. "सांगायचं नसतं," एवढंच म्हणाला.

"आम्हाला तरी कुणी सांगितलं होतं?" जाऊबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्या हसत नव्हत्या.

"चला, शेवटचा एक," सासूबाई मोकळ्या आवाजात म्हणाल्या. "मग जेवायला बसू."

तिला निघायचं होतं. पण रस्त्याकडच्या दारात दीर उभे होते, आणि सगळे पुन्हा रांगेत उभे राहत होते. आता त्यांनी आणखी थोडी जागा सोडली. आत्तेसासूबाई बाजूला झाल्या, पदर आवरून घेतला, आणि खाली, आपल्या कमरेच्या उंचीवर बघून हसल्या.

ठमी तिच्या कडेवर होती. गळ्यात दोन्ही हात, मानेवर ऊन श्वास. तिनं एका हातानं कॅमेरा उचलला. एकदा बघायचं, बस. बटण अर्धं दाबलं.

चेहऱ्यांवर चौकोन उमटत गेले. मोकळ्या जागेत दोन. एक उंच.

एक कमरेएवढ्या उंचीवर.

तिनं ठमीला समोरच्या खुर्चीत बसवलं आणि कॅमेरा तिच्यावर रोखला. "ठमे, इकडे बघ. आईकडे बघ."

ठमी बघत होती. दात दाखवून हसत होती.

पिवळा चौकोन तिच्या चेहऱ्यावरून सरकला, थोडा घुटमळला, आणि मागच्या रिकाम्या खुर्च्यांवर शोधत राहिला.