मोरपंखी घागरा

सुरभीचं मागणं तसं साधं होतं. साखरपुड्याला डिझायनर घागरा हवा, तो मोरपंखीच हवा आणि आपल्या पगारात बसायला हवा. आता हे तिन्ही एका जागी जुळणं म्हणजे देव पावल्यातच जमा! इंदुरात राजवाड्यापासून सपना-संगीतापर्यंत तिनं दुकानं पालथी घातली. मनासारखा रंग दिसला की किंमत ऐकून हात मागे यायचा, आणि परवडणारं बघावं तर नुसता चकचकाट. रविवार तोंडावर आला होता. हृषीकेशशी लग्न ठरावं म्हणून तिनं दोन्ही घरांची किती मनधरणी केली होती. हा दिवस तिला मनासारखा हवा होता.

शेवटी मैत्रिणीनं एक दुकान सांगितलं. तिथं एकदाच वापरलेले डिझायनर कपडे स्वस्तात मिळत. पाहते तर मोरपंखी घागरा समोरच टांगलेला.

सुरभीचा उजवा खांदा किंचित उतरता. प्रत्येक शिंप्यानं त्यावरून कुरकुर केलेली. या घागऱ्याच्या ब्लाउजला मात्र उजव्या खांद्यात आतून पातळ पॅड लावलेलं होतं. डाव्या खांद्यात नव्हतं. सुई लावायची गरज पडली नाही. तिला आनंद झाला, पण ती जरा चरकलीच.

कोणाचा होता, तिनं विचारलं.

"एका मुलीनं साखरपुड्यात घातला, बस एकदा," दुकानवाली अनुष्का म्हणाली. "दुसऱ्या दिवशी स्वतःच देऊन गेली, जी. मैंने पूछा भी, काय झालं म्हणून. काही बोललीच नाही."

ती दिसायला कशी होती, हे अनुष्काला काही केल्या आठवेना. ती सुरभीकडे बघत राहिली, मग घाईघाईनं पिशवी भरू लागली.

घरी सुनंदाआत्या. सुरभीला तिनंच लहानाचं मोठं केलेलं. शुभकार्याला कोणाचं उतरलेलं कापड आणलंय कळलं असतं, तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून सुरभीनं बेधडक ठोकून दिलं, नवाकोरा आहे.

नवं म्हटलं की आत्या हळदीकुंकवाचा करंडा घेऊन हजर. आतल्या काठाला बोट लावल्याशिवाय या घरात नवं कापड कोणाच्या अंगाला लागत नसे. तरुणपणी अडकित्त्यात तिच्या बोटाचं टोक गेलेलं, त्यामुळे तिचं बोट नेहमी अर्धंच उमटायचं. सुरभीच्या लहानपणच्या प्रत्येक फ्रॉकला ते अर्धं बोट होतं.

आत्यानं घागऱ्याचा घेर उलटला आणि थांबली.

"अगं, याला लावलंय की मी."

सुरभी वाकली. काठाला हळद होती, कुंकू होतं. दोन्ही अर्धी.

"कधी लावलंस?"

"साखरपुड्याच्या सकाळी. असं काय करतेस?"

"आत्या, साखरपुडा रविवारी आहे. व्हायचाय अजून."

गल्लीतल्या सगळ्यांच्या लग्नाच्या तारखा आत्याला तोंडपाठ. ती गोंधळली. एकदा घागऱ्याकडे बघे, एकदा सुरभीकडे.

"मग परवा रडत बसली होतीस ती? काही विचारू नकोस म्हणालीस, म्हणून विचारलं नाही मी."

परवा सुरभी रडली नव्हती. परवा तर ती दिवसभर शहराबाहेर राऊ गावच्या कॉलेजात शिकवत होती.

घाबरू नकोस म्हणत आत्यानं तिचा डावा हात हातात घेतला, आणि तशीच बघत राहिली.

सुरभीनं आजवर कधी अंगठी घातली नव्हती. करंगळीशेजारच्या बोटावर एक गोल, पांढरट वळ होता, अंगठी नुकतीच काढल्यासारखा.