उतरलेल्या तारा

ही गोष्ट माझ्या मावसभावाची आहे. अभिमन्यूची. त्याने ती मला एकदाच सांगितली, अंबाजोगाईच्या माझ्या खोलीवर, भर दुपारी, दार सताड उघडं ठेवून. सांगताना त्याने काही वाढवलं नाही आणि मीही इथे वाढवत नाही. गावाचं नाव तेवढं घेत नाही. परळी तालुक्यात, धर्मापुरीच्या अलीकडे, एवढं पुरे.

अमावस्या होती का, असं ऐकणारा प्रत्येक जण विचारतो.

नव्हती. गेल्या पौषातला साधा बुधवार होता. आणि रात्रही झाली नव्हती...

दिवस मावळायचा होता.

पौषात आमच्याकडची गावं अर्धी ओस असतात. दसरा झाला की टोळ्या निघतात ऊसतोडीला, कोल्हापूरकडे. अभिमन्यूचे आईवडील, चंद्रभागाबाई आणि भागवतनाना, तेही गेलेले. घरी हा आणि धाकटी बहीण करिष्मा. ती पोलीस भरतीचा अभ्यास करत होती. हा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. पौषात लग्नं नसतात, म्हणून घरीच.

रिकाम्या दिवसांत त्याला एक नाद लागला होता. वेगळ्या ट्यूनिंगचा.

गिटारच्या सहा तारा ठरलेल्या सुरांना लावतात, सगळे तसंच वाजवतात. पण त्यातल्या काही तारा थोड्या उतरवल्या, सैल सोडल्या, की तेच वाद्य वेगळंच बोलू लागतं. बोटं न दाबता नुसता हात फिरवला तरी भरलेला आवाज येतो. मोबाईलवर बघून बघून त्याने बऱ्याच ट्यूनिंग करून पाहिल्या होत्या. आता त्याला स्वतःची हवी होती. कुणीच न लावलेली.

करिष्मा वैतागली.

"दादा, दिवसभर तुझं ट्यँव ट्यँव. माझं गणित चुकायलंय. जा बरं तिकडं, धर्मराजदादाच्या घरात बस."

धर्मराज म्हणजे शेजारी. तो आणि त्याची बायको रोहिणी त्याच टोळीत गेलेले. संध्याकाळी दिवा लावायला म्हणून किल्ली यांच्याकडे ठेवलेली. घर दोन खोल्यांचं, वर पत्रे. भांडीकुंडी, अंथरुणं सगळी गाडीत गेलेली. रिकाम्या खोलीत गिटारचा आवाज काय सुंदर घुमायचा!

तो बाहेरच्या खोलीत मधोमध मांडी घालून बसला. तोंड रस्त्याकडच्या दाराला. पाठ आतल्या खोलीकडे.

आतल्या खोलीला कवाड नव्हतं. नुसती चौकट.

सुराचं ॲप बंद करून त्याने मोबाईल बाजूला ठेवला. आज कानानेच लावायचं. सगळ्यात बारीक तार त्याने हळूहळू उतरवली. मग दुसरी. कान देऊन, डोळे मिटून.

पत्र्याखाली पारवे घुमत होते. ते गप्प झाले.

हे त्याच्या तेव्हा लक्षातही आलं नाही...

तिसरी तार उतरवली, तेव्हा पिठाची गिरणी थांबली. वेशीजवळची गिरणी संध्याकाळची चालू असते, तिचं टुकटुक साऱ्या गावात ऐकू येतं. लाईट गेली असेल, असं त्याला वाटलं. त्याने वर बघितलं.

बल्ब चालू होता.

त्याने चौथी तार उतरवली. सगळ्या तारांवरून हात फिरवला. आणि तो सांगतो, इतका गोड सूर त्याने आयुष्यात ऐकला नव्हता. जणू गिटारच्या पोटात कुणीतरी लांब श्वास घेतला. त्याच्या अंगावर काटा आला, पण तो आनंदाचा.

पाचवी तार.

समोरच्या रस्त्यावरून रतनबाई शेळ्या घेऊन परत येत होती. आमच्याकडची धनगराची म्हातारी, सगळ्या गावाला ओळखीची. शेळ्या दारासमोरून चालल्या. एका शेळीने मान वर केली, तोंड उघडलं...

आवाज आला नाही.

दुसरीने उघडलं. तिसरीने. गळ्यातली घंटा हलत होती. रतनबाई काठी आपटत चालली होती.

कशाचाच आवाज नाही.

अभिमन्यूला वाटलं, कानात दडे बसले. त्याने फरशीवर थाप मारली. हात झिणझिणला, पण थाप ऐकू आली नाही. त्याने हाक मारली, "ओ रतनबाई!" गळा हलला. शब्द कुठे गेले, कळलंच नाही. रतनबाईने वळूनसुद्धा बघितलं नाही. शेळ्या पुढे गेल्या आणि रस्ता मोकळा झाला.

मग त्याने घाबरत तारेला बोट लावलं.

टण्ण...

तार ऐकू आली. स्पष्ट. साऱ्या जगात तेवढीच ऐकू येत होती.

आता तो भ्याला. आपण हे काहीतरी भलतंच लावून ठेवलंय, हे त्याला आतून कळलं. तारा परत चढवायच्या, एवढंच डोक्यात आलं. हाताशी सगळ्यात जाड तार होती. तिला अजून त्याने हात लावला नव्हता. घाईत त्याने तिचीच खुंटी धरली आणि आवळली.

सूर चढायला पाहिजे होता.

सूर उतरला.

त्याने पुन्हा आवळली. अजून खाली गेला. खाली, खोल, विहिरीत घागर सोडावी तसा. आणि त्या सुरात मिसळून, त्याच्या मागून...

कुणीतरी गुणगुणत होतं.

बाईचा आवाज. तोंड मिटून काढलेला. आतल्या खोलीतून.

त्याची मान वळेना.

तेवढ्यात दारात करिष्मा आली. हातात दिव्यासाठी तेलाची वाटी. चपला काढता काढता काहीतरी बोलली आणि तिने आत बघितलं.

वाटी तिच्या हातातून पडली. गडगडत गेली. आवाज नाही.

करिष्मा ओरडत होती. तिच्या गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या, तोंड पूर्ण उघडलं होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं. ती पुन्हा पुन्हा एकच काहीतरी ओरडत होती. अभिमन्यूला एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

ती त्याच्याकडे बघत नव्हती. त्याच्या मागे बघत होती.

आणि तेव्हा त्याला पाठीवर भार जाणवला...

आधी थोडा. मग जास्त. दमलेलं माणूस टेकतं, तसं कुणीतरी त्याच्या पाठीला टेकलं. शर्टातून थंडावा आत शिरला. गुणगुणणं आता त्याच्या कानापाशी होतं. त्याच्या मानेला केस लागले. ओले.

करिष्माने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं. तो मान हलवून तिला नको नको म्हणत होता. ती ऐकेना. दुसरं पाऊल टाकलं.

गुणगुणणं थांबलं.

पाठीवरचा भार हलला. त्याच्यावरून उठून... तिच्याकडे निघाल्यासारखा.

अभिमन्यूने काही विचार केला नाही. बारीक तारेत बोटं घातली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ती खेचली. बोट कापलं, रक्त आलं, पण तो खेचत राहिला.

तार तुटली.

एकदम सगळं परत आलं. गिरणीचं टुकटुक, लांब गेलेल्या शेळ्या, डोक्यावर फडफडणारे पारवे. आणि करिष्माची किंकाळी, अर्ध्यातून सुरू झालेली, "...ऊ नको!"

त्याने गिटार तिथेच टाकली. बहिणीचा हात धरला आणि पळत सुटला. दार उघडंच राहिलं.

घरात येऊन कडी लावली. करिष्माला बसवलं. तिला पाणी पाजलं, अंगावर चादर घातली. मग हळूहळू ती म्हणाली,

"तुझ्या पाठीला पाठ लावून बसली व्हती, दादा. डोकं तुझ्या डोक्याला टेकून. मला आधी वाटलं रोहिणीवहिनीच आली. पण तिनं माझ्याकडं मान वळवली. अंग तसंच ठेवून... नुसती मान."

"तोंड बघितलं का तू?"

करिष्मा रडायला लागली. त्याने पुन्हा विचारलं नाही.

तेवढ्यात मोबाईल वाजला. आईचा फोन. टोळीवरून ती कधी या वेळेला फोन करत नसे. दिवस मावळला की कोपीवर, म्हणजे तिथल्या पाचटाच्या झोपडीवर, स्वयंपाकाची घाई असते.

चंद्रभागाबाई धापा टाकत होत्या.

"अभी, करिष्मा कुठं हाय? बरी हाय ना?"

"हाय की इथंच. कावून गं?"

"मोळ्या बांधायले व्हते मी. उसातून तिचा आवाज आला. लई मोठ्यानं. 'दादा, मागं बघू नको, मागं बघू नको' म्हणून वरडत व्हती. मी सगळा फड हुडकला रे. तुज्या नानांनी बी आवाज ऐकला."

अभिमन्यूने फोन स्पीकरवर टाकला. करिष्मा चादरीतून उठून बसली.

"आई, मी हाय," ती म्हणाली. "मीच वरडत व्हते. पन इथं, गावात."

पलीकडून नुसता उसाच्या पाचटाचा आवाज येत होता. मग आईने विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"तुज्यासंगं ती दुसरी कोन व्हती गं?"

"दुसरी कोन?"

"तुज्या मागून वरडत व्हती ती. ती बी मला आईच म्हनत व्हती..."

फोन कट झाला. रेंज गेली असेल.

पाडव्याला टोळी परत आली. धर्मराजचं घर उघडंच होतं, गिटार जागेवर होती, धूळ बसलेली. धर्मराज आणि रोहिणी आजही तिथे राहतात, त्यांना कधी काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही. अभिमन्यूने गिटार परळीत विकून टाकली. घेणाऱ्याला त्याने काहीच सांगितलं नाही आणि ते त्याच्या मनाला लागून राहिलंय.

आईला त्याने एकदा विचारलं, ती दुसरी तुला आई का म्हणाली? चंद्रभागाबाई भाकरी थापत होत्या. त्यांचे हात थांबले.

"मी कुठं म्हनले तसं?" एवढंच बोलल्या, आणि भाकरी तव्यावर टाकली.

पण त्या दिवसापासून एक झालंय. करिष्मा भरतीसाठी बीडला असते. सणावाराला येते, रस्त्यावरूनच "आई" म्हणून हाक मारते. घरात चंद्रभागाबाई असतात, त्यांना हाक ऐकू जाते.

त्या ओ देत नाहीत.

हातातलं काम टाकून आधी दारात येतात. हाक मारणारीचं तोंड नीट बघतात...

मगच बोलतात.