जुन्या फोल्डरचा पत्ता

दिल्लीतल्या द्वारकेहून मानेसरला जाणारी कंपनीची ती बस केव्हाच बंद झाली. तरी दिल्लीत धुकं उतरलं की वल्लरीला तीच आठवते — आंधळ्या झालेल्या काचा, आणि मांडीवर रुसून बसलेला लॅपटॉप.

"मेल्या, कालपर्यंत तर शहाण्यासारखा वागत होतास..." त्या दिवशी ती लॅपटॉपला म्हणाली, आणि शेजारचा अनोळखी तरुण खुदकन हसला.

"मराठी?" तिने विचारलं.

"शिवी कळली म्हणजे मराठीच ना. मी पुष्कर, सर्व्हर टीम. काय करतोय हा?"

पुणं सोडल्यापासून तिच्याशी इतकं सहज कुणी बोललं नव्हतं. तिने सगळं सांगून टाकलं. आज्ञा टाइप करायची ती टर्मिनलची काळी खिडकी उघडून रिपोर्ट मागितला की गेल्या वर्षीचाच यायचा.

"सुरुवातीची फाईल कुणाची उचललीत? खिडकी उघडली की मशीन आधी तीच वाचतं."

"आमच्या टीममधल्या मुरलीधर सरांची. आमच्याकडे नवीन माणूस तीच घेतो... प्रसाद समजून."

"अहो, प्रसादही कधीकधी शिळा असतो."

मग रोज बसमध्ये तेच. फाईलमधल्या थोड्या ओळी बंद करायच्या, खिडकी पुन्हा उघडायची, बघायचं. तेवढ्यात 'तुम्ही'चं 'तू' झालं. एकदा त्याचा कोपर तिच्या शालीला टेकला — आणि दोघांपैकी कुणीच सरकलं नाही. बिघाड सापडू नये असं वल्लरीला वाटू लागलं होतं.

एका सकाळी मात्र पुष्करने लॅपटॉप मागितलाच नाही.

"पुण्याला बदली मिळतेय," तो म्हणाला. "आज हो-नाही कळवायचंय."

"अच्छा..." तिने शाल सावरली. घर, आई, सगळं त्याचं तिकडेच. अशी संधी कोण सोडेल?

त्याने लॅपटॉप ओढला आणि न शोधता एका ओळीवर बोट ठेवलं. "जुन्या फोल्डरचा पत्ता सगळ्यात वर आहे, म्हणून मशीन आधी तिथेच जातं. काढून टाक."

"लगेच सापडली?"

"पहिल्याच दिवशी सापडली होती..." तो काचेकडे बघत म्हणाला. "सांगितली असती तर तू माझ्या शेजारी कशाला बसली असतीस?"

"आणि मी रोज रिपोर्ट हाताने दुरुस्त करत बसले!" तिने रागवायचा प्रयत्न केला, पण ओठ ऐकेनात. "याची शिक्षा होणार. पुण्याला 'नाही' म्हणून कळव."

"नक्की?"

"नक्की. मला तू इथे हवा आहेस, पुष्कर."

त्याने तिच्यासमोरच 'नाही' लिहून पाठवलं. मग तिचा थंडगार हात हातात घेतला. मानेसर आलं, बस रिकामी झाली, ड्रायव्हरने वळून विचारलं, "मॅडम, उतरना नहीं है क्या?"

दोघांनीही त्याला आणखी थोडा वेळ थांबवलं.